आफ्रोडायटीची ओटी

माझं अक्षर वाईट आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ वर जाईल, खाली येईल. कुणी वाचलंच तर पोटात घालावं. खरं म्हणजे कुणी वाचू नये अशीच इच्छा आहे.

लिहायला बसले त्याचं कारण असं, की परवा नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात डोक्यावर लोखंडी टोप घातलेली एक बाई दिसली. मी म्हटलं, "ही अथीना. हिला मी हळदीकुंकू लावलंय." नात हसली आणि आईला सांगायला धावली. तीही हसली. गप्प बसण्याची मला सवय आहे. पण मनातून ते जाईना.

पार्ल्याला आम्ही ज्या बैठ्या चाळीत राहत होतो, तिच्या मालकांची ही गोष्ट. त्यांचं नाव लिहीत नाही. चाळीत कुणी कधी घेतलंही नाही. मालक म्हणजे मालक. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. टोकाच्या खोलीत एकटे राहायचे. घरात कमरेला पंचा आणि उघड्या अंगावर काळा कोट. कोट कोर्टातला होता. उन्हाळ्यातसुद्धा काढत नसत. "कोट काढला की माणूस कुणाचीतरी बाजू घ्यायला लागतो," म्हणायचे.

त्यांचं दुसरं वाक्य, "एकतर्फी निकाल नको." हे दिवसातून कितीदा ऐकू येई त्याला हिशेब नाही. तीन नंबरच्या काकूंचं दूध मांजराने प्यायलं, तर यांनी मांजराला बोलावलं, समोर दूध ठेवलं आणि म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?" मांजराने तेही प्यायलं. मालक म्हणाले, "कबुली दिली." काकूंना दुधाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. खाटेला ढेकूण झाले तर उकळतं पाणी ओतण्याआधी खाटेपाशी उभे राहून मोठ्याने नोटीस द्यायचे. मुदत तीन दिवसांची. तोवर स्वतः जमिनीवर झोपायचे.

असा माणूस ग्रीक देवींच्या नादी लागला तो टेबलाच्या पायापायी. टेबल डुगडुगत होतं म्हणून त्यांनी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून जाडसं एक इंग्रजी पुस्तक आणलं, पायाखाली घालायला. घालण्याआधी उघडून बघितलं. टेबल शेवटपर्यंत डुगडुगतच राहिलं.

त्या पुस्तकात ग्रीक लोकांच्या देवदेवतांच्या कथा होत्या. वाचून मालक भडकले. म्हणाले, "यात हेरा नावाच्या बाईला कजाग म्हटलंय. नवरा गावभर बाया करत फिरतो आणि कजाग ही! हिची जबानी घेतली का कुणी?" मग त्याच कथा सांगणारं दुसरं पुस्तक आणलं, मग तिसरं. पहिलं जाड, एका पाद्र्याने लिहिलेलं. दुसरं बारकं, शाळेतल्या मुलांसाठी. तिसरं चित्रांचं, एका मडमेने लिहिलेलं. मालक त्यांना पुस्तकं म्हणत नसत. साक्षीदार नंबर एक, दोन, तीन म्हणत.

त्यांचा स्वयंपाक मी करायची. दोन वेळच्या पोळ्या, भाजी, आमटी. महिन्याचे दहा रुपये ठरले होते. ताट घेऊन गेले की मी दारात उभी राहायची, पदराचं टोक दातात धरून, आणि ते जेवता जेवता तिन्ही साक्षीदार मराठीत वाचून दाखवायचे. मी कुणासमोर तोंड उघडत नाही हे त्यांना फार आवडायचं. म्हणायचे, "असा श्रोता न्यायाधीशाच्या खुर्चीतसुद्धा बघितला नाही मी."

एकच देवी तिघांकडे तीन तऱ्हेची. ती कोळी झालेल्या मुलीची गोष्ट घ्या. एका मुलीने अथीनाशी विणण्याची पैज लावली आणि अथीनाने तिला कोळी करून टाकलं. नंबर एक म्हणतो, पोरगी उद्धट होती. नंबर दोन म्हणतो, तिला विणता येत नव्हतं. मडम म्हणते, पोरीचं कापड देवीपेक्षा सरस झालं म्हणून देवीचा तोल गेला. मालक ताटावरून ओरडले, "मुद्देमाल कुठाय? ते कापड हजर करा!" कापड कोण हजर करणार? तेव्हापासून निकाल लागेपर्यंत चाळीत जळमटं काढायची बंदी झाली. कोळी पक्षकार होता. काकूंनी एकदा केरसुणी वर नेली, तर मालक कोट सावरत धावत आले.

"काकू, वादी आहे तो!"

"माझ्या फोडणीत पडतो तो तुमचा वादी," काकू म्हणाल्या. पण केरसुणी खाली घेतली. कौलं बदलून हवी होती ना!

कारण भाडं घेताना मालक आधी देवींबद्दल मत विचारायचे, आणि चाळीला ते पाठ झालं होतं. अथीना हुशार म्हटलं की कौलं मिळत. हेराचं चुकत नव्हतं म्हटलं की भाडं पुढच्या महिन्यावर जाई. दोन नंबरच्या खोलीतले भाऊ तर हेराचं नाव काढून डोळे पुसायचे. त्यांनी सहा महिने भाडं दिलं नाही.

आफ्रोडायटीबद्दल मात्र कुणाला काही बोलता येत नसे. ती सौंदर्याची देवी. नवरा लंगडा लोहार, आणि हिचं लक्ष दुसरीकडे. बारक्या पुस्तकाने तिला गाळलीच होती. मडमेने समुद्राच्या फेसातून वर काढली आणि तिथेच सोडून दिली. नंबर एकबद्दल मालक म्हणायचे, "या पाद्र्याने नऊ पानं हिचं वर्णन केलंय आणि दहाव्या पानावर नावं ठेवलीत. मग नऊ पानं हा बघत काय होता?"

मालकांनी पाच तांबे मांडले. वर आंब्याची पानं, पानांवर नारळ. हेरा, अथीना, डिमीटर, तिची मुलगी पर्सेफनी आणि आफ्रोडायटी. नारळांवर काजळाने डोळे-भुवया काढायचे, ते जी जबानी चालू असेल तिच्याप्रमाणे. सकाळी नंबर एक वाचला की हेराच्या भुवया वर चढत. संध्याकाळी मडम वाचली की ओल्या फडक्याने पुसून सोज्वळ डोळे काढत. मी ताट घेऊन गेले की आधी हेराकडे बघायची, आज मूड कसा आहे ते.

आता माझं सांगते. माझं माहेर देवगडच्या बाजूला, बोटीने जावं लागे. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी मी एकदाही गेले नव्हते. सासूबाई विधवा, स्वभावाने कडक. त्यांचं एकच, "पैसे जमय, मगे जा. झिलाच्या पगाराक हात लावूचो नाय." हे गिरणीत होते, आईपुढे बोलत नसत. म्हणून मी मालकांच्या पोळ्या धरल्या. त्यातून माझं आणि माझ्या लहानग्या मुलाचं जाण्यायेण्याचं भाडं आणि आईला लुगडं व्हायचं होतं. आईचं पत्र आलं होतं, मास्तरांकडून लिहवलेलं. डोळ्यांनी अंधुक दिसतंय, अजून तोंड ओळखू येतं, पावसाळ्याआधी येऊन जा. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जायचं तर वैशाख संपायच्या आत.

एक दिवस मालक डिमीटरची कथा वाचत होते. तिची पर्सेफनी फुलं तोडत असताना यमाने पळवून नेली. आईने धान्य उगवू दिलं नाही, सगळं जग उपाशी ठेवलं, तेव्हा मुलगी परत मिळाली. पण तिने तिकडे डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून निम्मं वर्ष यमाकडे आणि निम्मं आईकडे. मालक दाण्यांवर अडले होते. खाल्ले की खायला घातले? नंबर एक म्हणतो हावरी, मडम म्हणते फसवली.

माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. पदर दातातून सुटला.

"मुलगी परत आली तेव्हा आई आधी काय बोलली?"

मालकांचा घास हातातच राहिला. त्यांनी तिन्ही पुस्तकं उघडली. आमटी गार झाली. "नंबर एक म्हणतो, आनंदाला पारावार उरला नाही. हे बोलणं नव्हे. नंबर दोन म्हणतो, वसंत ऋतू आला. हेही बोलणं नव्हे. मडम म्हणते, मिठी मारली. आई! आईची जबानीच नाही कुठे! अहो, तीन साक्षीदार आणि मुख्य बाईला कुणी बोलूच दिलं नाही!"

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि न जेवता फोर्टात गेले, चौथ्या पुस्तकाची ऑर्डर द्यायला. ते अमेरिकेहून यायचं होतं. त्याला महिन्याची पेन्शन लागली, मग टपालाला, मग जकातीला. भाडं तर चाळीत कुणी देतच नव्हतं. माझे दहा रुपये थांबले. एक महिना, दुसरा, तिसरा, चौथा. मी आयुष्यात एक प्रश्न विचारला आणि माझी बोट गेली.

चौथ्या महिन्यात धीर करून दारात उभी राहिले. म्हटलं, "पोळ्यांचे..."

"देणं कबूल आहे," मालक लगेच म्हणाले. "चाळीस रुपये. नाकबूल नाही. फक्त देणेकरी कोण हे ठरायचंय. पुस्तकं मी माझ्या चैनीसाठी घेतली का? या पाच जणींच्या कामासाठी घेतली. तेव्हा देणं पाचजणींच्या नावे, प्रत्येकी आठ."

मी पाच नारळांकडे बघितलं. त्या दिवशी डिमीटरचे डोळे पुसायचे राहिले होते, काजळ गालावर आलं होतं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नारळ पैसे देतले? बरा आसा. आणि माडार बसान जातलंस म्हायेराक?" आणि हसल्या नाहीत.

चैत्र लागला. चाळीत चैत्रगौरी बसल्या. गौर महिनाभर माहेरी येते म्हणून तिला पाळण्यात बसवतात, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं. तिसऱ्या दिवशी मालकांनी जाहीर केलं, "आमच्याकडेही हळदीकुंकू आहे. पर्सेफनीसुद्धा चैत्रातच माहेरी येते. चारी... तिन्ही साक्षीदारांचं यावर एकमत आहे." त्यांनी पितळी पाळणा आणला आणि पर्सेफनीचा नारळ त्यात ठेवला.

बायका आल्या, पन्ह्याला कोण नाही म्हणतं! पण कुंकवाची कोयरी हातात घेऊन सगळ्या अडल्या.

"डिमीटरबाईंचे यजमान काय करतात?" काकूंनी विचारलं.

"साक्षीदार गप्प आहेत," मालक म्हणाले.

"मग कुंकू कुणाच्या नावाचं लावायचं?"

"स्वतःच्या. पुढे चला."

"आणि ही अथीना? लग्न नाही झालेलं. कुमारिकेची कुठे ओटी भरतात?"

"कन्याकुमारीची भरता ना? मग! पुढे चला."

"आणि पोर यमाला दिली?" दुसरी एक म्हणाली. "बापाला दुसरं स्थळ मिळालं नाही?"

सासूबाई बाहेर विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या तिथेच बसत. तिथूनच ओरडल्या, "सा म्हयने म्हायेराक? मगे सासरचा रांधता कोण? तो यम?"

चौघींच्या ओट्या भरल्या. खण, तांदूळ, वर आणा, दोन आणे. आफ्रोडायटीपाशी आल्यावर मात्र प्रत्येकीने पदर सावरला आणि ती मागे फिरली. काकूंनी सांगितलंच, "मालक, कौलं नाही बदललीत तरी चालेल. पण हिची ओटी मी भरायची नाही. आमचे हे इथूनच येतात-जातात."

पुढे जे झालं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. काकूंच्या मुलाने मॅट्रिकची परीक्षा दिली होती, त्यासाठी काकूंनी अथीनाला गुपचूप चार आणे टाकले. ते एकीने बघितलं. आठवड्यात पार्ल्यातल्या सगळ्या मॅट्रिकवाल्यांच्या आया रांगेत. ज्यांचे नवरे उशिरा घरी येत त्या हेराकडे. सासुरवाशिणी डिमीटरकडे. मालाडहून दोघी बहिणी आल्या, नारळाचं तोंड बघून म्हणाल्या, "अगदी आमच्या मावशीसारखी." मालक दाराशी कोट घालून उभे, आणि जिची भुवई ज्या साक्षीप्रमाणे असेल ते आलेल्या बाईला समजावून सांगायचे. कुणी ऐकत नसे. पैसे मात्र तांब्यापुढे पडत. मालकांनी त्यातला एक पैसाही स्वतःला घेतला नाही. चहाला दूध नव्हतं तर काळा प्यायले.

मी रोज ताट ठेवताना बघायची. हेराचे वाढत होते. अथीनाचे तर उतू जात होते. आफ्रोडायटीपुढे एक वाळलेलं पान होतं.

"अथीनाचे जास्तीचे तिकडे सरकवले तर?" मी अगदी हळू म्हटलं. तेवढा धीर आला होता मला.

"एकीचं देणं दुसरीच्या पैशातून? छे! उरेल ते अथीनाचं. त्यातून तिच्या जबानीतलं ते कापड शोधू."

अक्षय्य तृतीयेला गौरी उठतात. त्याच्या आदल्या दिवशी चौथं पुस्तक आलं. आणि पुढच्या चार दिवसांनी सुटणारी बोट ही पावसाआधीची आमच्या बाजूची शेवटची, असं हे धक्क्यावरून विचारून आले होते. आईला कळवायलाही वेळ नव्हता.

तृतीयेला सगळ्या बायका जमल्या. सासूबाई विहिरीवर. मालकांनी नवीन पुस्तक डोक्याला लावलं आणि म्हणाले, "साक्षीदार नंबर चार. प्रश्न असा होता, की मुलगी परत आल्यावर आई आधी काय बोलली. हा साक्षीदार म्हणतो, मी फार जुन्या गाण्यावरून सांगतोय. ऐका." मग ते थांबत थांबत वाचायला लागले. आई धावत आली. मुलीने रथातून उडी मारली. आईने तिला पोटाशी धरलं, आणि धरल्या धरल्या विचारलं, "बाळ, तिकडे काही खाल्लंस का?"

मालक मान वर करून म्हणाले, "आता इथे कायद्याचा मुद्दा असा, की दाणे खाल्ले असतील तर यमाचा हक्क..."

पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. काकूंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला होता. कुणीतरी नाक ओढलं. मी भिंतीला पाठ लावून पदर तोंडात कोंबला.

मालकांनी पुस्तक मिटलं. "आता देण्याचं." चारी देवींपुढून आठ-आठ रुपये मोजून त्यांनी ताटात ओतले. बत्तीस झाले. मग ते आफ्रोडायटीसमोर उभे राहिले. त्या दिवशी तिला डोळेच काढले नव्हते. कुणाच्या जबानीप्रमाणे काढायचे ते ठरलं नव्हतं. "हिचे आठ येणं आहे. हिच्याकडे काही नाही. म्हणजे दावा अपुरा. पुरी रक्कम झाल्याशिवाय मला वाटप करता येत नाही. पुढची तारीख..."

"पुढची कशाची तारीख!" काकू म्हणाल्या. "बोट चार दिवसांनी आहे पोरीची!"

"मग भरा हिची ओटी."

काकूंनी कोयरीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

तेव्हा दारातून आवाज आला. "हिचीच ओटी रिकामी कित्याक?"

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हळदीकुंकवाच्या घराच्या उंबऱ्यात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्या आत आल्या, थेट आफ्रोडायटीपाशी. कनवटीची गाठ सोडली. आत फडक्यात बांधलेले रुपये होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते तर तुमच्या..."

"माझ्या मर्तिकाचे. म्हायत आसा माका. मरूक काय, मी दिवाळीनंतर पण मरान."

एक बाई पुटपुटली, "पण विधवेने ओटी भरायची म्हणजे..."

सासूबाईंचा हात थांबला. त्या मालकांकडे बघायला लागल्या. सगळ्याच बघायला लागल्या. मालकांनी कोटाची वरची बटणं लावली. मग खाली मांडी घालून चारी पुस्तकं समोर घेतली आणि एकेक चाळायला सुरुवात केली. नंबर एक. नंबर दोन. मडम. अमेरिकन. फार वेळ लागला. पन्हं संपलं. पाळण्यातली पर्सेफनी वाऱ्याने हलत होती. शेवटी ते उठले.

"चारी साक्षीदार तपासले. विधवेने या देवीची ओटी भरू नये असं एकानेही म्हटलेलं नाही. मनाई नाही. चला, पुढे व्हा."

सासूबाईंनी तांदूळ घातले, खण नव्हता म्हणून स्वतःचा धुतलेला रुमाल घातला, आणि वर आठ रुपये ठेवले. नारळाला म्हणाल्या, "तुका कोण इचारणा नाय, माका पण कोण इचारणा नाय. घे." मग माझ्याकडे न बघता, "माझ्या आवशीन पण ह्याच इचारल्यान. पयल्यांदा म्हायेराक गेलंय तेव्हा. 'खाल्लंस काय गो बाय?' मगे ती ऱ्हवली नाय."

मालकांनी काजळ घेतलं आणि कुठलंही पुस्तक न उघडता आफ्रोडायटीला डोळे काढले. साधे, मोठे. ते त्यांनी पुन्हा कधी पुसले नाहीत. पुढे तो नारळ त्यांनी अंगणात लावला. मालक गेले, चाळ गेली, तो माड बरीच वर्षं उभा होता.

मग त्यांनी सगळे पैसे ताटातून माझ्या ओटीत ओतले, खणानारळासारखे. "मोजा."

मी मोजले. आण्यांचा ढीग होता, वेळ लागला. सासूबाई शेजारी बसून बोटांवर मोजत होत्या, मी चुकले तिथे त्या थांबवत होत्या.

"झाले?" मालकांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मान चालत नाही. रक्कम भरून पावले म्हणा. मोठ्याने. पाचजणींना ऐकू गेलं पाहिजे."

सगळ्या चाळीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, मी पदर तोंडातून काढला आणि विहिरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चाळीस रुपये भरून पावले."